‘बरं हाय’ या उत्तरापलीकडे
रक्तकर्करोगाच्या रुग्णांची जीवनगुणवत्ता : एक अभ्यासलेख

वार्षिक अहवाल हाती आला की आमच्या हितचिंतकांची नजर प्रथम आकड्यांकडे जाते. बाह्यरुग्ण किती तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती पिशव्या रक्त चढविले, किती गरजूंना सवलत दिली, हे सारे तक्त्यांमध्ये असते आणि ते असायलाच हवे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे विश्वस्त संस्थेचे पहिले कर्तव्य आहे. तथापि गेल्या काही वर्षांत एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला गेला आणि त्याचे उत्तर या तक्त्यांत सापडेना. एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले होते, “आमच्या मदतीमुळे रुग्ण जगले, हे कळते. पण ते कसे जगले, हे कुठे लिहिले आहे?”

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले आमचे उत्तर आहे. रक्तकर्करोगाच्या रुग्णाचे जगणे कसे चालले आहे हे मोजता येते काय, येत असल्यास कसे, आणि इंदापूरसारख्या तालुक्याच्या गावी त्याचा उपयोग काय, याचा विचार येथे केला आहे. लेखातील रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून मांडले आहेत.

रक्तकर्करोगाचे वेगळेपण

रक्तकर्करोग हा एकच आजार नव्हे. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशी बिघडल्या की ल्युकेमिया होतो, लसिकाग्रंथींतील पेशी बिघडल्या की लिम्फोमा होतो, आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी अनिर्बंध वाढल्या की मल्टिपल मायलोमा होतो. यांतील तीव्र ल्युकेमिया काही आठवड्यांत जिवावर बेततो, तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा रुग्ण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे कामधंदा करू शकतो.

स्तनाची वा तोंडाची गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. रक्त काढून टाकता येत नाही. म्हणून येथे उपचार शरीरभर होतात आणि त्यांचा ताणही शरीरभर पडतो. हिमोग्लोबिन उतरले की चार पावलांत धाप लागते. प्लेटलेट्स कमी झाल्या की दात घासतानाही रक्त येते. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा ताप घातक ठरतो. बाहेरून मात्र रुग्ण धडधाकट दिसतो. जखम नाही, टाके नाहीत, पट्टी नाही. त्यामुळे ‘याला झाले तरी काय?’ असे शेजारीपाजारी विचारतात, आणि रुग्णालाही आपला थकवा म्हणजे आळस तर नव्हे ना, असे वाटू लागते.

आमच्या भागातील रुग्णाच्या वाट्याला आणखी एक भार येतो, तो अंतराचा. मुख्य केमोथेरपीसाठी त्याला पुण्याला, बार्शीला किंवा मुंबईला जावे लागते. इंदापूर ते पुणे हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे. पहाटेची एस. टी., दिवसभराची रांग, रात्री उशिरा परत. सोबत येणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. मधल्या काळातील रक्ततपासण्या, रक्त चढविणे, ताप आणि जंतुसंसर्ग यांवरील उपचार हे आमच्यासारख्या रुग्णालयाचे काम. रुग्णाच्या दोन केमोथेरपींमधील दिवस आमच्या दारात जातात, आणि त्याच्या जगण्याची खरी कसोटी याच दिवसांत लागते.

बार्शीने घालून दिलेला धडा

ग्रामीण भागात कर्करोगाची शास्त्रशुद्ध मोजणी होऊ शकत नाही, असा एक समज पूर्वी होता. तो आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्याने खोडून काढला. बार्शी येथे १९८२ साली नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि १९८७ साली, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने, तेथे भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी रुग्ण शोधले, त्यांची नोंद केली आणि पुढे त्यांचे काय झाले याचा पाठपुरावा केला. खेड्यातील माणूस आपणहून रुग्णालयात येईल याची वाट पाहत बसायचे नाही, हे त्या कामाचे सूत्र होते.

कर्करोग किती जणांना होतो आणि त्यातून किती जण वाचतात, हे नोंदणीतून कळते. निदान आणि मृत्यू या दोन तारखांमधले दिवस कसे गेले, हे विचारण्यासाठी वेगळे साधन लागते. त्याला जीवनगुणवत्तेचे मोजमाप म्हणतात. ‘जीवनमान’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे, कारण आपल्याकडे त्या शब्दाने उत्पन्न आणि राहणीमान यांचा बोध होतो. येथे अभिप्रेत आहे ते रुग्णाचे स्वतःचे, स्वतःच्या जगण्याविषयीचे मत.

मोजमापाची वाटचाल

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिने आरोग्याची व्याख्या करताना रोगाचा अभाव एवढेच पुरेसे मानले नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य असा व्यापक अर्थ सांगितला. त्याच सुमारास अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णाची कार्यक्षमता ० ते १०० या पट्टीवर दहा-दहाच्या टप्प्यांनी नोंदविण्याची पद्धत घालून दिली. ही पट्टी आजही वापरात आहे. परंतु तीत गुण देतो तो डॉक्टर. रुग्ण चालतो का, स्वतःचे आवरतो का, हे डॉक्टर पाहतो आणि आकडा लिहितो. रुग्णाला रात्री झोप येते का, लोकांत मिसळावेसे वाटते का, हे त्या आकड्यात येत नाही.

पुढे रुग्णालाच विचारावे, असा विचार रुजला. युरोपातील कर्करोग संशोधन व उपचार संघटनेने तयार केलेली तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिची पहिली मोठी चाचणी १३ देशांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३०५ रुग्णांवर झाली होती. आज ही प्रश्नावली जगातील अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि मराठीतही आहे. मायलोमासाठी तिला जोडून वीस प्रश्नांची पुरवणी वापरली जाते. अमेरिकेत तयार झालेल्या दुसऱ्या एका प्रश्नावलीतही ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांसाठी स्वतंत्र भाग आहेत.

तीस प्रश्नांत काय असते?

या प्रश्नावलीतील पहिले पाच प्रश्न शारीरिक ताकदीविषयी आहेत : जड वस्तू उचलणे, लांब चालणे, घराबाहेर थोडे चालणे, दिवसा पडून राहावे लागणे आणि जेवण-अंघोळीसाठी मदत लागणे. दोन प्रश्न रोजच्या कामाविषयी व छंदांविषयी, चार मनःस्थितीविषयी, दोन एकाग्रता व स्मरणाविषयी, दोन कौटुंबिक व सामाजिक आयुष्याविषयी आहेत. थकव्याविषयी तीन, मळमळ-उलटीविषयी दोन, वेदनेविषयी दोन. धाप, निद्रानाश, भूक न लागणे, बद्धकोष्ठ, जुलाब आणि पैशाची अडचण यांविषयी प्रत्येकी एक. शेवटचे दोन प्रश्न एकूण प्रकृती व एकूण जीवनगुणवत्ता यांविषयी आहेत.

पहिल्या अठ्ठावीस प्रश्नांना १ ते ४ अशी उत्तरे असतात. १ म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि ४ म्हणजे ‘खूपच’. शेवटच्या दोन प्रश्नांना १ ते ७ अशी पट्टी असते. नंतर साध्या गणिताने प्रत्येक विषयाचे ० ते १०० मध्ये रूपांतर करतात. कार्यक्षमतेच्या विषयांत अधिक गुण म्हणजे अधिक चांगले. लक्षणांच्या विषयांत अधिक गुण म्हणजे अधिक त्रास. हा फरक लक्षात न घेतल्यास संपूर्ण अर्थ उलटा होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णाने थकव्याच्या तीन प्रश्नांना ३, ३ आणि ४ अशी उत्तरे दिली. बेरीज १०, सरासरी ३.३३. तीतून १ वजा केला, उरलेल्या २.३३ ला ३ ने भागले आणि १०० ने गुणले. थकव्याचे गुण आले ७८. त्याच रुग्णाने एकूण प्रकृतीला ५ आणि एकूण जीवनगुणवत्तेला ४ गुण दिले. सरासरी ४.५, तीतून १ वजा करून ६ ने भागले व १०० ने गुणले की ५८ येतात. म्हणजे ‘एकंदरीत ठीक आहे’ असे सांगणारा हा माणूस थकव्याने मोडून गेलेला आहे. केवळ शेवटचा आकडा पाहिला असता तर हे निसटले असते. सहा आठवड्यांनी त्याने थकव्याला २, २ आणि ३ अशी उत्तरे दिली, तर गुण ४४ होतात. उतार ३४ गुणांच्या जवळपास झाला. साधारणपणे ५ ते १० गुणांचा फरक रुग्णाला थोडासा जाणवतो, १० ते २० चा मध्यम, आणि २० हून अधिक फरक मोठा मानला जातो. अर्थात हा उतार मोठा आहे.

भाषेची अडचण

जड वस्तू उचलण्याचा प्रश्न युरोपातील माणसासाठी बाजाराच्या पिशवीच्या अनुषंगाने विचारलेला आहे. आमच्या रुग्णाचे ओझे वेगळे असते : पाण्याचा हंडा, कडब्याची पेंढी, गवताचा भारा. ‘थकवा’ हा शब्द पुस्तकी मराठीत सोपा वाटतो. पण आमच्याकडील आजीबाई ‘अंगात तान न्हाई’ म्हणतात, कोणी ‘गळून जातंय’ म्हणतो, तर कोणाच्या लेखी थकवा म्हणजे फक्त कामानंतरचा शीण. ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला बहुतेक पुरुष ‘नाही’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ‘जेवण जात न्हाई, कुनाशी बोलू वाटत न्हाई’ असे सांगतात.

यावर उपाय म्हणून प्रश्न मनास येईल तसे बदलता येत नाहीत. तसे केल्यास आपले आकडे दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयाच्या आकड्यांशी ताडता येणार नाहीत. प्रमाणित भाषांतरासाठी एकाने मराठीत आणायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यायचे, दोन्ही ताडून पाहायचे आणि मग प्रत्यक्ष रुग्णांकडून वाचून घ्यायचे, अशी रीत आहे. वापरासाठी मूळ संस्थेची अनुमतीही लागते. म्हणून छापील प्रश्न आहे तसाच वाचावा, रुग्णाला न समजल्यास तोच पुन्हा सावकाश वाचावा, आणि त्याने स्वतःच्या शब्दांत जे सांगितले ते समासात लिहून ठेवावे, अशी शिस्त आम्ही पाळतो. समासातील ही टिपणे डॉक्टरांना अनेकदा आकड्यांइतकीच उपयोगी पडतात.

आमच्या हातून झालेली चूक

प्रारंभी आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. ती येथे नमूद करणे आम्हांला आवश्यक वाटते. मायलोमाच्या एका वृद्ध रुग्णास त्यांचा मुलगा घेऊन येत असे. घरच्यांनी आजाराचे नाव वडिलांपासून लपविले होते. त्यामुळे प्रश्नावली वडिलांसमोर वाचण्याऐवजी आम्ही मुलालाच विचारून भरली. मुलाची उत्तरे प्रामाणिक होती. वेदना थोडी, झोप ठीक, चिंता नाही. डॉक्टरांनी विचारले की वडीलही ‘बरं हाय’ म्हणत. तीन भेटी अशाच गेल्या.

चौथ्या भेटीस मुलगा औषधाच्या खिडकीपाशी गेला असताना परिचारिकेने तेच प्रश्न त्या आजोबांना एकट्याने विचारले. आडवे झाले की पाठीत कळ येते म्हणून ते महिनाभर भिंतीला टेकून बसून रात्र काढीत होते. मुलाची झोप मोडू नये म्हणून कण्हतही नव्हते. पुण्याच्या फेऱ्यांसाठी दुभती म्हैस विकली गेली, हे त्यांना सर्वाधिक लागले होते. आणि आपल्याला काय झाले आहे हे त्यांनी केव्हाच ओळखले होते. “पोराला वाटतंय मला ठावं न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच,” एवढेच ते म्हणाले.

वेदनाशामक औषधांची मात्रा त्याच दिवशी बदलली. मणक्याची तपासणी झाली व उपचार करणाऱ्या केंद्राला कळविण्यात आले. पुढील भेटीस आजोबा आठवडाभर आडवे झोपल्याचे सांगत आले. महिनाभराची ती जाग मात्र टाळता आली असती, याची खंत आम्हांला आहे. तेव्हापासून उत्तरे रुग्णाचीच, आणि शक्यतो एकांतात, हा नियम झाला. प्रश्नावलीतील प्रश्नांत आजाराचे नाव कोठेही येत नाही, त्यामुळे कुटुंबाच्या संकोचाला धक्का न लावता ती भरता येते. रुग्णाने आपल्या आजाराविषयी थेट विचारल्यास मात्र आम्ही खोटे सांगत नाही.

आणखीही काही सावधगिरी घ्यावी लागते. केमोथेरपीनंतर तिसऱ्या दिवशी विचारले आणि पुढच्या वेळी विसाव्या दिवशी विचारले, तर तुलना फसवी होते. सर्वांत आजारी असलेले रुग्णच प्रश्नावली भरायला येऊ शकत नाहीत, म्हणून उरलेल्यांची सरासरी वास्तवापेक्षा चांगली दिसते. आणि दीर्घ आजारात माणसाची मोजपट्टीच बदलते. पूर्वी दोन एकर उसाला पाणी देणारा माणूस ओसरीपर्यंत चालत गेला की ‘उत्तम’ म्हणतो. ते खोटे नसते. परंतु त्या ‘उत्तम’चा अर्थ लावताना विचार करावा लागतो.

मोजून उपयोग काय?

केवळ आकडे गोळा करून कपाटात ठेवले तर रुग्णाचा वेळ फुकट घेतल्याचे पाप लागेल. मोजमापाचे मोल त्यावर होणाऱ्या कृतीत आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात ७६६ कर्करुग्णांपैकी काहींनी आपली लक्षणे नियमितपणे संगणकावर स्वतः नोंदविली व त्रास वाढताच परिचारिकेला सूचना गेली. उरलेल्यांची नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने आणि दुसऱ्याचे २६ महिने होते. हे रुग्ण पसरलेल्या घन गाठींचे होते, रक्तकर्करोगाचे नव्हते, हे लक्षात ठेवावे लागेल. तरीही वेळेवर विचारलेला प्रश्न हा उपचाराचाच भाग असतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे उदाहरण बोलके आहे. या आजारावरील इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली आणि आजाराचे रूपच पालटले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या विशिष्ट रूपावरील पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. पण गोळी मिळते म्हणजे ती घेतली जाते असे नाही. पायात गोळे येणे, डोळ्यांखाली सूज, मळमळ या त्रासांमुळे काही जण गुपचूप दिवसाआड गोळी घेतात. रक्ताचा अहवाल बिघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. ‘गोळी चुकते का?’ या प्रश्नाला रुग्ण ‘नाही’ म्हणतो. ‘गोळीचा त्रास कितपत होतो?’ असे विचारले तर खरे बोलतो. त्रासावर उपाय केला की गोळीही सुरू राहते.

उपचार पुढे जात आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या पहिल्या देशी कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. काही प्रकारच्या लिम्फोमा व ल्युकेमियाच्या रुग्णांना त्यामुळे नवी आशा मिळाली आहे. आजारासह किंवा आजारानंतर जगणारी माणसे जसजशी वाढतील, तसतसा ती कशी जगतात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होत जाईल.

आणि जेथे आयुष्य वाढविणे हाती उरत नाही, तेथे हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. आजार उलटलेल्या एका महिला रुग्णास आम्ही विचारले, की येत्या महिन्यात त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय. त्यांनी रुग्णालयाचे नाव काढले नाही. इंदापुरात तुकोबारायांच्या पालखीचे रिंगण होते, ते पाहायचे होते. प्लेटलेट्स कधी द्यायच्या, रक्त कधी चढवायचे, याचे वेळापत्रक आम्ही त्या दिवसाच्या अनुषंगाने आखले. खुर्चीत बसून, तोंडाला मास्क लावून, गर्दीपासून दूर उभ्या केलेल्या गाडीतून त्यांनी रिंगण पाहिले. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. आमच्या वार्षिक तक्त्यात त्यांची नोंद मृत्यूच्या रकान्यात आहे. ती योग्यच आहे. परंतु ती अपुरी आहे, म्हणून हे येथे लिहिले.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

घरी एक साधी वही ठेवावी. रोज ठरावीक वेळी थकवा, वेदना, झोप, भूक आणि मनःस्थिती या पाच गोष्टींना रुग्णाने स्वतः ० ते १० गुण द्यावेत. ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे असह्य. लिहिता येत नसल्यास सांगावे आणि दुसऱ्याने तोच आकडा लिहावा, स्वतःचा अंदाज लिहू नये. तपासणीस येताना ही वही अहवालांसोबत आणावी.

केमोथेरपी चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास वहीत लिहून थांबू नये. रात्र असली तरी त्वरित रुग्णालय गाठावे. रक्तस्राव, वाढती धाप आणि पायांतील अचानक आलेला अशक्तपणा यांनाही हाच नियम लागू आहे. प्रवासखर्चासाठी एस. टी. व रेल्वेच्या सवलती आणि उपचारासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना यांची माहिती आमच्या समाजसेवा कक्षात मिळते. पैशाची अडचण हाही प्रश्नावलीतील एक प्रश्न आहे. तो सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

देणगीदार व विश्वस्तांस विनंती

यंत्रसामग्रीसाठी देणगी मागणे सोपे असते. यंत्र दिसते, त्यावर नाव कोरता येते. प्रश्न विचारणाऱ्या परिचारिकेचा अर्धा तास दिसत नाही. या कामाला लागतात ती एक शांत खोली, दोन खुर्च्या, प्रशिक्षित व्यक्तीचा वेळ आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी. आपल्या औदार्यामुळेच त्या अर्ध्या तासाची सोय होऊ शकली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

आपल्या मदतीने रुग्ण किती दिवस जगले, याचा हिशेब आम्ही पुढेही देत राहू. ते दिवस कसे गेले, हे रुग्णांनाच विचारून यापुढील अहवालांत आपल्यापुढे ठेवू, असे या निमित्ताने नम्रपणे नमूद करतो.